कोटाची बटणं आणि एक आडवा

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की इथे आधीपासून एक सवत नांदतेय. ती रोज सकाळी दाराच्या फटीतून आत यायची आणि आमचे हे तिला मांडीवर घेऊन बसायचे. चहा निवायचा, त्यावर साय धरायची, मी दोनदा आठवण करायची, तिसऱ्यांदा कप उचलून न्यायची, तरी ह्यांचं लक्ष नाही. सवत म्हणजे पेपरच्या आतल्या पानावरचं शब्दकोडं. तिच्यावर मी किती वर्षं जळले असेन देव जाणे. आज मात्र तिचं नाव निघालं की मी हात जोडते, आणि ते का, तेच सांगायला बसलेय.

ह्यांचा धंदा किल्ल्या करण्याचा. बाजाराच्या टोकाला एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खुर्ची, एक मशीन आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं, कारण ते आत आलं तर ह्यांना बाहेर यावं लागे. आसपासचे सगळे त्यांना चावीकाका म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. कुणी दाराबाहेर अडकलं, कुणाचं कपाट उघडेना, की हाक ह्यांना. घाई हा शब्द ह्यांना ठाऊक नाही. कुलपाला कान लावून बसतील, तार आत घालून हळूहळू फिरवतील, आणि शेजारी उभी असलेली बाई रडकुंडीला आली तरी शांतपणे सांगतील, उघडेल हो, त्याचं काही आपल्याशी वैर नाही.

मी उलट. मी नाकावर राग घेऊनच जन्मले. शिवणकाम करते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पडदे, शाळेचे गणवेश, कोटाचं अस्तर, जे येईल ते. कापड बेतायचं मोठं टेबल बाहेरच्या खोलीच्या मधोमध आहे. टेबलाच्या एका बाजूला माझं मशीन आणि स्टूल, दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून ह्यांची खुर्ची. म्हणजे रोज सकाळी दुकान उघडायला जाईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर, आणि मध्ये पेपर उभा. मला दिसायची ती ह्यांची बोटं आणि पेपरवरचे हॅपी बर्थडेचे फोटो.

कोडं सोडवायचे ह्यांचे नियम होते. पेन्सिल नाही, बॉलपेनच. कारण काय, तर किल्लीला एकदा कानस लागली की लागली, तिथे खोडरबर चालत नाही, मग इथे कशाला. कालचं उत्तर आजच्या पेपरात छापून येतं, त्याच्यावर आधी तळहात ठेवायचा, कालची रिकामी घरं पुन्हा एकदा आठवून बघायची, मगच हात काढायचा. आणि सगळ्यात मोठा नियम, विचारल्याशिवाय कुणी उत्तर सांगायचं नाही. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी एकदा जिन्यातून उतरता उतरता एक शब्द सांगून टाकला. बिचारीने प्रेमानेच सांगितला होता. ह्यांनी आठवडाभर त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, अहो, त्यांनी काय तुमच्या दुकानावर दरोडा घातला का? तर म्हणतात, दरोडा परवडला.

माझी पंचाईत तर विचारूच नका. पेपर खाली ठेवून हे आंघोळीला गेले की मी वाकून बघायची. एखादा शब्द सरळ डोळ्यांसमोर उभा राहायचा. मग दिवसभर तो पोटात घेऊन बसायचं. तोंडावर बोट. संध्याकाळी हे दुकानातून आले, पेपर पुन्हा उघडला, आणि तोच शब्द अडलेला दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सांगायची सोय नाही, न सांगून राहवत नाही. मशीन जोरजोरात चालवायची, दुसरं काय.

फक्त एक खातं माझं होतं. कापडाचं, शिवणीचं काही आलं की पेपर थोडा खाली यायचा, चष्म्यावरून डोळे दिसायचे आणि हे म्हणायचे, हे तुझ्या खात्यातलं दिसतंय. कपड्याची आतली बाजू, तीन अक्षरं. मी मान वर न करता म्हणायची, अस्तर. बटणासाठी पाडलेलं छिद्र, दोन अक्षरं. काज. असा प्रश्न महिन्यातून एखाद वेळा यायचा, पण आला की मला दिवसभर बरं वाटायचं. कबूल करायला लाज कसली.

ह्यांच्या आनंदाचीही मजा होती. शब्द सापडला की ओरडणं नाही, उड्या नाहीत. नुसतं नाकातून एक ‘हं’ निघायचं आणि पेन टक्‌ करून वाजायचं. त्या ‘हं’वरून मला कळायचं की शब्द सोपा होता की हट्टी. कधी कधी घरी न सुटलेलं दुकानात सुटायचं. एकदा एका साहेबांच्या गाडीची किल्ली कापता कापता मशीन बंद करून हे मोठ्याने ‘पाणकोंबडी’ म्हणाले, आणि ते साहेब आपल्यालाच काही बोलले की काय म्हणून बघत राहिले. ती गोष्ट बाजारात वर्षभर पुरली.

आणि वैताग? तोही रोजचाच. कमळ, तीन अक्षरं. झालं. पंकज म्हणा, नीरज म्हणा, सरोज म्हणा, जलज म्हणा, सगळी तीन अक्षरीच, आणि सगळ्यांच्या शेवटी ज. हे पेन हवेत धरून बसायचे. कोडी काढणारा माणूस कोण, कुठला, आम्हाला कधीच कळलं नाही, पण ह्यांनी त्याला घरचाच करून टाकला होता. आज ह्याच्याकडे पाहुणे आलेले दिसतात, जुनीच कोडी काढलीत. आज बायकोशी वाजलंय, बघ कसले शब्द घातलेत. असं चालायचं. एकदा तर कमाल झाली. ‘किल्ली, दोन अक्षरं’ असं आलं. चावीवाल्याला चावी विचारतोस होय, असं म्हणून ह्यांनी ठसठशीत चावी लिहून टाकलं, आणि पानाचा तो सगळा कोपरा बिघडला. एकही शब्द जुळेना. संध्याकाळपर्यंत चेहरा पडलेला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, कुंजी. आयुष्य चाव्या कापण्यात गेलं म्हणूनच फसलो, म्हणाले. पुढे कितीतरी दिवस मी दाराची कुंजी घेतलीत का, असं विचारून त्यांना छळत होते.

डोळ्यांचं दुखणंही पहिल्यांदा कळलं ते कोड्यामुळेच. एका सकाळी हे म्हणाले की पेपरवाले हल्ली चौकटी वाकड्या छापतात. मी बघितलं तर चौकटी फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. मी म्हटलं, चष्मा पुसा. चष्मा पुसून झाला, नवा करून झाला, चौकटी वाकड्याच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि समजावून सांगितलं की डोळ्याच्या मागे जो पडदा असतो त्याचा मधला भाग खराब होतोय. जिकडे रोखून बघाल तिथेच डाग दिसेल, कडेचं मात्र दिसत राहील. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं इंजेक्शनांनी धरून ठेवू. वर असंही म्हणाल्या की रोज सरळ रेघांकडे बघता म्हणून इतक्या लवकर ध्यानात आलं, बाकीचे फार उशिरा येतात. तेव्हा मला ते सांत्वन वाटलं. पुढे कळलं की इंजेक्शनं वेळेत सुरू झाली आणि डाग मधल्यापुरताच राहिला, तो त्या वाकड्या चौकटींमुळेच.

इंजेक्शनं चालू असूनही वर्षभरात मधलं सगळं गेलं. भिंतीवरच्या घड्याळाची कड दिसायची, काटे दिसायचे नाहीत. दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखायचं. किल्ली कापायचं मशीन बोटं ओळखत नाही, कापताना थोडं जरी चुकलं तर हात गेला, म्हणून ह्यांनी आपण होऊनच दुकानाचं शटर ओढलं. त्याचं दुःख त्यांनी कसंबसं गिळलं. पण पेपर आला की तो उघडायचे, कोड्याचं पान चाचपडून काढायचे, मान इकडे तिकडे तिरकी करून बघायचे आणि परत घडी घालायचे. लेक दुसऱ्या गावी असते, तिने फोनवर मोठ्या अक्षरांचं कोडं लावून दिलं. एवढं मोठं की एका वेळी एकच घर दिसायचं. हे म्हणाले, भिंतीची एक वीट बघून घर कसं आहे ते सांगायचं का मी? फोन ठेवून दिला.

मग एक दिवस म्हणाले, पेपर बंद कर.

नुसतं एवढंच म्हणाले, आणि माझ्या काळजात चर्र झालं. दुकान बंद झालं तेव्हा इतकं झालं नव्हतं. कारण त्यानंतर हे बोलायचेच बंद झाले. जेवायला बोलावलं की यायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. भिंतीकडच्या त्या खुर्चीत बसायचे आणि समोर बघत राहायचे, म्हणजे माझ्याकडेच, पण मला कळायचं की त्यांना मी दिसत नाहीये. मध्ये पेपर होता तोवर मी कुरकुरत होते. पेपर गेला तर समोर असा माणूस. हा माणूस असाच विझत गेला तर माझं काय, एवढाच विचार दिवसभर डोक्यात. मी पेपरवाल्याला सांगितलं, महिना संपेपर्यंत टाकत जा, मग बघू. ह्यांना सांगितलं, सांगून ठेवलंय.

मी स्वतः प्रश्न वाचून दाखवायला लागले. पहिल्यांदा हे ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. मग एकदा उत्तर तोंडातून निसटलं. मग दुसरं. पण चार-पाच शब्द झाले की सगळा घोळ. हा आडवा त्या उभ्याला कुठे मिळतो, तिसरं अक्षर की चौथं, मधलं घर काळं आहे की रिकामं? मी तोंडाने कितीही सांगितलं तरी डोक्यात चित्र टिकायचं नाही. हे कपाळावर हात मारून घ्यायचे आणि पुन्हा गप्प. मीही हात टेकले होते खरं सांगायचं तर.

त्यातून वाट निघाली ती एका जुडग्यामुळे. घरातल्या जुन्या किल्ल्यांचं एक जुडगं आहे, त्यातली माळ्यावरच्या पेटीची किल्ली मला कधीच सापडत नाही. मी शिव्या देत एकेक लावून बघत होते. ह्यांनी हात पुढे केला, जुडगं घेतलं, अंगठ्याने दोन-तीन किल्ल्यांच्या दात्यांवरून फिरवलं आणि एक किल्ली वेगळी काढून दिली. तीच निघाली. मी तशीच पेटीपुढे बसून राहिले. म्हटलं, बाई, ह्यांच्या बोटांना सगळं दिसतंय की. तू इतके दिवस कानातून घालायला बघतेयस.

त्या दिवशी दुपारी मी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. जाड कॅनव्हासचा एक तुकडा उरलेला होता. त्यावर खडूने कोड्याच्या चौकटी आखल्या, घर चांगलं दोन बोटं बसतील एवढं मोठं, आणि प्रत्येक रेघेवर दोरी ठेवून ती वरून शिवून टाकली. म्हणजे प्रत्येक घराला चारी बाजूंनी बांध. काळ्या घरांत कोटाची मोठी बटणं ठेवायची. शब्द भरला की त्या घरांत शर्टाची बारीक बटणं. जे रिकामं ते रिकामं. बोट फिरवलं की समजलंच पाहिजे. दोरीवरून शिवताना दोन सुया मोडल्या आणि माझी मान धरली, पण संध्याकाळी तो कॅनव्हास टेबलावर पसरला तेव्हा माझ्याच कामाचा मला गर्व झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बघून बघून मी काळ्या घरांची बटणं मांडली आणि म्हटलं, जरा हात इकडे करा. ह्यांनी हात ठेवला. बोटं एका कोपऱ्यातून निघाली, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर, बटणाला अडली, वळसा घालून पुढे गेली. सगळं कापड फिरून झालं. मग म्हणाले, वाच. फक्त बोट धरून दाखवायचं नाही, घरं माझी मी मोजेन. स्वभाव तिथेही सुटला नाही, आणि तो सुटला नाही याचाच मला आनंद झाला. मी माझ्या स्टुलावर बसून प्रश्न वाचायची आणि ह्यांनी सांगितलेला शब्द पेपरात लिहायची, हे त्यांच्या बाजूला बारीक बटणं मांडायचे. कोडं पुरं झालं तेव्हा ते जुनं ‘हं’ ऐकू आलं. मला रडू फुटलं, ते मी पाणी प्यायला जाते म्हणून आत जाऊन रडून घेतलं.

चार दिवस काय सुखाचे गेले. हे पुन्हा कोडेवाल्या माणसाला नावं ठेवायला लागले. जेवताना बोलायला लागले. लेकीचा फोन आला तर तिला म्हणाले, तुझ्या आईने मला शेत आखून दिलंय, रोज नांगरतो. महिना संपत आला होता, पण पेपर बंद करायचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. जीव टांगणीला लागलेला तो जरा खाली आला होता.

मग रविवार उजाडला. रविवारच्या कोड्याला घरं तेवढीच, पण ते विचित्र असतं. मी बटणं मांडली, स्टुलावर बसले आणि वाचलं, एक आडवा, सगळ्यांशी जमवून घेणारा, पाच अक्षरं. हे लगेच म्हणाले, मनमिळाऊ. आणि बोट ठेवून घरं मोजली तर तीन. तिसऱ्या घरापुढे बटण. पुन्हा मोजली. पुन्हा तीन. म्हणाले, पाच नाही बसत. मी पेपरात बघितलं, पाच. कॅनव्हासवर बघितलं, तिथेही माझ्या डोळ्यांसमोर पाच घरं सरळ ओळीत रिकामी. म्हटलं, पाचच आहेत. हे म्हणाले, पुढचं सांग. पुढचाही बसेना. एक उभा बसेना. ह्यांची बोटं कापडावर सैरावैरा फिरायला लागली, तोंडाने तेच आकडे पुन्हा पुन्हा, एक दोन तीन, एक दोन तीन. मला उगाच घाई झाली, भीतीही वाटायला लागली, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

‘‘पाच आहेत हो, नीट बघा ना!’’

बोलले आणि जीभ चावली. पण गेलेला शब्द थोडाच परत येतो. ह्यांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनी तो उचलला आणि कॅनव्हासच्या कोपऱ्यावर असा मारला की बटणं उडून फरशीवर गेली, काही भिंतीला लागली, काही माझ्या मशीनखाली. इतक्या वर्षांत ह्या माणसाने कधी कुठली वस्तू आपटलेली मी पाहिली नव्हती.

‘‘डोळे गेले ते गेले,’’ हे म्हणाले, ‘‘आता डोकंही गेलं. मला तीन आणि पाच कळत नाही. उद्यापासून पेपर बंद म्हणजे बंद.’’

आवाज अगदी हळू होता. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि भांडण होऊन मोकळे झालो असतो. पण ते घाबरले होते. कोडं सुटत नाही याचं दुःख नव्हतं ते. आपल्या डोक्यावरचा विश्वास उडाला होता त्यांचा. आणि मला समजावता येईना, कारण मलाही क्षणभर वाटून गेलं होतं की खरंच असं तर नसेल? मी खाली बसले आणि बटणं गोळा करायला लागले.

टेबलाखालून गोळा करत करत मी पलीकडे गेले. शेवटची दोन बटणं ह्यांच्या खुर्चीच्या पायाशी होती. ती उचलली, खुर्चीचा हात धरून उठले, आणि त्यांच्या खांद्यावरून कॅनव्हास बघितला. एकच कोपरा उधळला होता, बाकीची बटणं बांधांच्या आत जागच्या जागी होती. आणि त्यांच्या डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात, जिथे एक आडवा असायला हवा, तिथे तीन घरं होती. तीनच. चौथ्यात कोटाचं काळं बटण.

मी पेपर घेतला, कॅनव्हास बघितला, पेपर उलटा करून धरला, पुन्हा कॅनव्हास बघितला. आणि मग कपाळाला हात लावला. अहो, मी सगळं उलटं मांडलं होतं. मी माझ्या बाजूला बसून माझ्या बाजूने सुलटं मांडायची, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला ते डोक्यावर उभं. रोजच्या कोड्यात ते खपून गेलं होतं, कारण रोजच्या कोड्याची काळी घरं पान उलटं फिरवलं तरी तिथल्या तिथेच येतात. रविवारचं तसं नव्हतं. आयुष्यभर मी माणसांच्या समोर उभी राहून मापं घेतली. समोरच्याचा डावा खांदा माझ्या उजव्या हाताला येतो हे झोपेतसुद्धा विसरत नाही. कुणाची बाही कधी उलटी लावली नाही. आणि घरच्या माणसाचं माप घेताना नेमकं हे विसरले.

मला हसू आवरेना. हे म्हणाले, हसतेस? मी म्हटलं, तुमचं डोकं जागेवर आहे, माझं फिरलंय. सगळं सांगितलं. पाच होतीच, पण माझ्या पुढ्यात. तुमच्या पुढ्यात तीनच होती. तुम्ही बरोबर मोजत होतात, एकदा नाही, प्रत्येक वेळी बरोबर. ह्यांनी पुन्हा मोजलं, एक दोन तीन, आणि मग खुर्चीला पाठ टेकली. चेहऱ्यावरची भीती उतरताना मी बघितली. ती बघायला मिळाली म्हणून मी देवाचे, कोडेवाल्याचे, ज्याचे म्हणून मानायचे त्या सगळ्यांचे आभार मानले.

आता प्रश्न उरला मांडायचं कसं. पलीकडे बसून उलटं मांडायला मला जमलं नसतं असं नाही. पण माझी आता हिंमत नव्हती. म्हटलं, मी ह्या बाजूलाच येते. टेबल जरा पुढे ओढलं, स्टूल आणून ह्यांच्या खुर्चीला लागून भिंतीकडे ठेवलं. जागा इतकी अरुंद की माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागत होता. इतकी वर्षं संसार केला, या बाजूने मी आमची खोली कधी बघितलीच नव्हती. सगळी बटणं काढून पहिल्यापासून मांडली. एक आडवा, पाच घरं. ह्यांनी बोट फिरवलं आणि मनमिळाऊ भरला.

मी दुसरा प्रश्न वाचायला लागले तर ह्यांचं लक्ष नव्हतं. ह्यांनी मान सरळ ठेवली होती, समोरच्या मशीनकडे, आणि तसेच बसून होते. मी विचारलं, काय झालं, दुखतंय का कुठे?

‘‘तू अशीच बस,’’ हे म्हणाले. ‘‘समोर बसलीस की मी तुझ्याकडे बघतो आणि तुझा चेहरा नेमका त्या डागात जातो. आता कडेला आहेस. मला दिसतेस.’’

मी म्हटलं, काय दिसतं?

‘‘कानातलं हलतंय. केस पिकलेत बरेच. आणि रडतेयस.’’

मी नाही म्हटलं. म्हणजे रडत नाही असं म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी किती वेळा सांगितलं होतं, कडेचं दिसत राहील. मी ते ऐकलं होतं आणि रोज बरोबर मध्ये, डागात जाऊन बसत होते. त्यांनीही कधी सांगितलं नाही, कारण काय दिसत नाही ते सांगितलं तर मला लागेल, असं त्यांना वाटायचं. बटणं उलटी पडली नसती तर मी टेबलाच्या पलीकडेच राहिले असते. वर्षानुवर्षं.

त्या दिवशी कोडं दुपारपर्यंत चाललं. मध्येच अडलं. कमळ, तीन अक्षरं, दुसरं काय येणार. मागच्या-पुढच्या शब्दांतून एकच अक्षर हाती लागलं होतं, शेवटचं, ज. मला वरून येणारा उभा शब्द येत होता, त्यामुळे कमळही येत होतं. मी जुन्या सवयीने ओठ मिटून बसले. ह्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग कोपराने मला हळूच ढोसलं.

‘‘येतंय ना तुला? मग सांग की.’’

सरोज, मी म्हटलं. ज च्या घरात बटण होतंच, ह्यांनी आणखी दोन बारीक बटणं उचलली, एक माझ्या हातात दिलं आणि एक स्वतः ठेवलं.

पेपर अजून येतो. मशीनही आता मी ह्याच भिंतीकडे हलवलंय, गिऱ्हाईक आलं की त्याला आम्ही दोघं एका ओळीत बसलेले दिसतो आणि ते बिचकतं. सकाळी चहा ठेवते, बटणं मांडते, आणि मग कुणीच आठवण करायला उरत नाही. दोन्ही कप निवून जातात.